हाल इल्ल

जत तालुक्याच्या पूर्वेच्या टोकाला, जिथून दोन मैलांवर कर्नाटक लागतं, तिथं होनमाळ नावाचं गाव आहे. गाव म्हणजे दीडशे उंबरा, एक मारुती, एक बिरोबा, दोन खोल्यांची ग्रामपंचायत आणि नजर पोचेल तिथवर माळ. ज्वारी, बाजरी, थोडी मटकी, आणि पाऊस बरा झाला तर काळ्या पट्टीत कापूस. गाव महाराष्ट्रात, सातबारा मराठीत, शाळेची पाटी मराठीत, आणि माणसं मात्र जन्मल्यापासून मरेपर्यंत कानडी बोलणारी. सरकारला हे कधी नीटसं पटलं नाही. सरकार मराठीत पत्र पाठवायचं आणि गाव ते पत्र घेऊन सिद्धूकडं जायचं.

सिद्धू ग्रामपंचायतीचा शिपाई. हुद्दा शिपायाचा, पण रुबाब मामलेदाराचा. अकराव्या वर्षी तो मामाच्या मेंढरांमागं कृष्णेच्या बाजूला गेला. दिवाळी झाली की मेंढरं निघायची ती रहिमतपुरापर्यंत जायची, तिथल्या शेतांत खतासाठी रात्री बसवायची, आणि आखाडाच्या तोंडावर परत फिरायची. असे आठ हंगाम त्यानं काढले. मराठी तो तिथं शिकला, शिव्यांपासून सुरुवात करून. विशीत गावी परतला तेव्हा होनमाळात अस्खलित मराठी बोलणारा तो एकटा होता, आणि नव्यानं आलेल्या ग्रामसेवकाचं बोलणं कुणाला कळत नव्हतं. सिद्धूला नोकरी मिळाली ती अशी.

त्याचं नाव झालं ते हत्तीवरून. शेतकीचे साहेब पीकपाहणीला आले होते. एका म्हाताऱ्याला विचारलं, काय पेरलंय? म्हातारा म्हणाला, हत्ती. साहेबांचं पेन थांबलं. त्यांना वाटलं, हा खेडूत आपली टिंगल करतोय. सिद्धू पुढं झाला आणि म्हणाला, "कापूस, सायेब. आमच्यात कापसाला हत्ती म्हनत्यात." साहेब हसले, त्यांनी सिद्धूला आपल्या शेजारी बाकड्यावर बसवलं, आणि त्या दिवसापासून पुढची तीस वर्षं कुठलाही साहेब आला की त्याच्या शेजारची जागा सिद्धूची.

तो नुसतं भाषांतर करत नसे, गाळून द्यायचा. एखादा गडी तापून तलाठ्याच्या सात पिढ्या कानडीत उद्धरायचा, आणि सिद्धू शांतपणे म्हणायचा, तुमी आला लय बरं झालं म्हनत्यात. तलाठी खूश, गडी खूश, आणि सगळ्यात खूश सिद्धू. गावाचं तोंड आणि सरकारचे कान यांच्यामध्ये आपण उभे आहोत, आणि आपण बाजूला सरकलो तर दोन्हीकडं अंधार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ह्या सुखावर माणूस जाड होतो. सिद्धू अंगानं नाही, पण मनानं चांगलाच जाड झाला होता.

चौऱ्याण्णव साली प्रशांतचं लग्न झालं. प्रशांत गावाच्या पूर्वेच्या बौद्ध वस्तीतला, जतला गॅरेजात कामाला. त्याची बायको आम्रपाली पलूसची, दहावी झालेली, कानडीचा गंध नसलेली. प्रशांत पहाटे सायकलवर जतला निघून जायचा, आणि मागं घरात सासू आणि सून दिवसभर एकमेकींच्या तोंडाकडं बघत बसायच्या. सासूचं, लक्ष्मीबाईचं, सगळं मराठी 'जय भीम'पाशी सुरू होऊन तिथंच संपायचं. शेवटी तिनं सिद्धूला बोलावलं.

सिद्धू दारात बसला. आत गेला नाही. सुनेनं दिलेला चहा घ्यावा की न घ्यावा याचा थोडा विचार करून त्यानं तो घेतला. मग महिनाभर त्यानं दोघींचा संसार चालवला. मीठ कमी घाल, उखळ उन्हात ठेवू नको, तुझ्या आईनं पाठवलेलं लोणचं बरं आहे. पोरगी हुशार होती, विचारायची, मामा, ह्याला काय म्हनायचं, त्याला काय म्हनायचं. पहिले शंभर कानडी शब्द तिला त्यानंच शिकवले. लहान मुलाच्या हातात खेळणं द्यावं तसे तो ते देत होता.

दीड वर्षात आम्रपाली असं कानडी बोलायला लागली की आडावर नवी माणसं तिला विजापूरकडची समजायची. तोवरही सिद्धूला काही वाटलं नाही. बायकांची बडबड, चालू द्या म्हणाला. त्याच्या पोटात पहिला निखारा पडला तो उपकेंद्राच्या ओसरीवर.

आठवड्याला एकदा नर्स यायची आणि सिद्धू तिच्या शेजारी उभा राहून बायकांची दुखणी मराठीत सांगायचा. होनमाळातल्या बायकांना इतकी वर्षं फक्त डोकेदुखी, ताप आणि खोकला होत होता. एका बुधवारी नर्सनं आम्रपालीला हाक मारली, आणि त्या दिवशी बायकांची रांग संध्याकाळपर्यंत हटली नाही. पुरुषाच्या तोंडातून जे जाऊ शकत नव्हतं ते सगळं बाहेर आलं. रांगेत सिद्धूची बायको नीलव्वाही होती. अकरा वर्षं ती ओटीपोटाचं दुखणं काढत होती, आणि सिद्धूला त्याचा पत्ता नव्हता. नर्सनं चिठ्ठी दिली, सांगलीच्या दवाखान्यात इलाज झाला, नीलव्वा महिन्याभरात ताठ चालू लागली. दुसऱ्या कुणी देवाला नारळ फोडला असता. सिद्धू जळला. आपल्या बायकोनं आपल्याला वगळून आपलं दुखणं परक्या पोरीच्या तोंडात दिलं, एवढंच त्याला दिसलं.

त्यानंतर एकेक सुरू झालं. पोस्टातनं पत्र आलं की लोक वस्तीकडं जायला लागले, कारण आम्रपाली वाचून दाखवायची आणि उत्तरही लिहून द्यायची. सिद्धूला बोलता यायचं, पण वाचताना तो अक्षरांवर बोट ठेवून अडखळायचा. शाळा तपासायला आलेल्या साहेबांशी पालकांच्या वतीनं तीच बोलली. नवा ग्रामसेवक लालासाहेब कडेगावचा, कामसू माणूस. त्याला काम पटकन झालेलं हवं असायचं, म्हणून तोही तिलाच बोलवायचा. सिद्धू तिचं बोलणं कान टवकारून ऐकायचा आणि चुका शोधायचा. सापडायच्या कधी कधी. मग तो त्या घरी आणून नीलव्वाला सांगायचा, नीलव्वा भाकरी थापत राहायची. वस्तीतली पोर आता साहेबाशेजारी बसणार का, असंही तो पुटपुटायचा. त्याच्या जळफळाटात जातीचा एक कोळसा होता, ते सांगितलं नाही तर ही गोष्ट खोटी होईल. पण फक्त तेवढाच नव्हता. ती बामणाची असती तरी तो जळलाच असता. त्याचं सगळ्यात मोठं दुःख हे होतं की ती त्याच्याहून चांगली होती, आणि ते त्याच्याइतकं गावात कुणालाच कळत नव्हतं.

सत्त्याण्णव साली पावसानं तोंड फिरवलं. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन वाळली, आड आटले, कडबा संपला, बायका दोन मैलांवरच्या एका विहिरीला जायला लागल्या. टंचाईच्या यादीत गावाचं नाव लागलं तरच टँकर मिळणार होता, आणि त्यासाठी जिल्ह्यातून पाहणीचे साहेब आले. लालासाहेबानं ओळख करून दिली ती आम्रपालीची. म्हणाला, ही आमची दुभाषी. सिद्धू तिथंच उभा होता. साहेबांनी त्याच्याकडं बघून विचारलं, तुम्ही शिपाई ना? आणि बॅग त्याच्या हातात दिली.

बॅग काही जड नव्हती. तरी सिद्धूच्या हाताला ती दिवसभर जळत राहिली.

दुपारी साहेबांनी वेळ वाचवायचं ठरवलं. आपल्या कारकुनाला आम्रपालीबरोबर रानातल्या विहिरी मोजायला पाठवलं, लालासाहेबाला कागद तयार करायला बसवलं, आणि आपण घरोघरी जाऊन खात्री करतो म्हणाले. त्यांना कानडीतले दोन शब्द येत होते, हौद म्हणजे होय आणि इल्ल म्हणजे नाही, आणि त्यांचा त्यांना फार अभिमान होता. एवढ्यावर भागेल म्हणाले. मागं बॅग घेऊन सिद्धू.

पहिलं घर म्हाताऱ्या तंगेव्वाचं. तिनं घोंगडं अंथरलं. साहेबांनी सावकाश, एकेक शब्द सुटा करून विचारलं, "आजी, हाल आहेत का? हाल?"

आता कानडीत हाल म्हणजे दूध. तंगेव्वा शरमेनं अर्धी झाली. एवढा मोठा साहेब दारात आला, तोंडानं दूध मागतोय, आणि वैरणीवाचून म्हैस दोन महिन्यांपूर्वीच आटलेली. तिनं हात जोडून मान हलवली. "हाल इल्लरी, साहेब. हाल इल्ल."

साहेबांनी वहीत लिहिलं, हाल नाहीत.

सिद्धूला दोन्ही बाजू एकाच क्षणी कळल्या. एक पाऊल पुढं टाकून, सायेब, ती दुधाचं म्हनती, एवढं बोलायचं होतं. त्याच्या जिभेवर आलंही होतं. मग त्याला आठवलं की आज दुभाषी तो नाही. आज तो बॅग धरणारा आहे. दुभाषी म्हणून जिचं नाव सांगितलंय तिनं बघावं. लिहू दे साहेबाला. एकदा ह्या पोरीच्या नावावर बिघडू दे, म्हणजे गावाला कळेल सिद्धू काय होता. बॅग त्यानं ह्या हातातून त्या हातात घेतली आणि गप्प राहिला.

दुसऱ्या घरी तेच झालं. तिसऱ्या घरीही. सगळ्या गावाच्या म्हशी आटल्या होत्या, त्यामुळं साहेब फिरले त्या दहाच्या दहा घरांनी हात जोडून एकच सांगितलं, हाल इल्ल. दहा घरं दुष्काळाची साक्ष देत होती आणि साहेब दहा वेळा हाल नाहीत असं लिहीत होते. मागून चालणाऱ्या सिद्धूनं आता बोलायचं तर पहिल्या घरी का नाही बोललास, हा प्रश्न उभा राहणार होता. म्हणून तो बोललाच नाही.

पंधरा दिवसांनी यादी आली. आजूबाजूची सहा गावं होती, होनमाळ नव्हतं. लालासाहेबानं चावडीत शेरा वाचून दाखवला. ग्रामस्थांशी त्यांच्याच भाषेत बोलून खात्री केली, हाल नाहीत. आम्रपालीनंच तो कानडीत सांगितला, आणि सांगता सांगता तिचा चेहरा उतरला, कारण सगळं गाव तिच्याकडं बघत होतं. दुभाषी ती होती. तिनंच काहीतरी उलटसुलट सांगितलं असणार. पलूसची पोर, किती झालं तरी आपली भाषा तिची नव्हे, असं लोक बोलायला लागले. विहिरीवर बायका तिला बघून गप्प व्हायच्या. लक्ष्मीबाईसुद्धा सुनेशी मोजकंच बोलायला लागली.

आणि लोक पत्रं घेऊन सिद्धूकडं परत आले. त्याला हवं होतं ते सगळं मिळालं. आठ दिवस त्यानं ते चवीनं खाल्लं, असं सांगायला मला वाईट वाटतं, पण खाल्लं. नीलव्वा दोन मैलांवरून घागर आणायची, ती उतरवताना तिचा हात पुन्हा ओटीपोटाकडं जायला लागला होता. तेवढं दिसलं की तो तोंड फिरवायचा.

नवव्या दिवशी आम्रपाली त्याच्या दारात आली. घरोघर फिरून तिनं बायकांना विचारलं होतं, साहेब काय म्हणाला. तंगेव्वा म्हणाली होती, काय सांगू बाई, दूध मागत होता. दुसरी म्हणाली, आमच्यातही मागितलं. एवढा शिकलेला माणूस आणि दुधासाठी दहा घरं फिरला, याचं बायकांना नवल वाटत होतं. आम्रपालीला सगळं उमगलं ते तिथं.

"आवं मामा," ती मराठीत म्हणाली, "सायब घरोघर फिरलं तवा बॅग तुमच्या हातात हुती न्हवं?"

सिद्धू व्हय म्हणाला.

"मग तंगेव्वा काय म्हनली ते तुमी ऐकलंय. जतला चला. म्हातारी दुधाचं बोलली एवढंच सांगा. ऐकणारा आनि दोन्ही कळणारा दुसरा कोन न्हाई."

तिनं आवाज चढवला नाही. का गप्प बसला, हे विचारलंही नाही. आत चुलीपाशी बसलेल्या नीलव्वानं सगळं ऐकलं आणि तिला एक अक्षर कळलं नाही. सिद्धूला मात्र कळलं की हिला सगळं ठाऊक आहे. नाही म्हणालो तर उद्या चावडीत ही कानडीतून बोलेल, ही भीती त्याला वाटली. दुसऱ्या दिवशी तो एसटीत बसला. बरोबर आम्रपाली आणि अंगठा द्यायला तंगेव्वा.

पाहणीचे साहेब त्या दिवशी तालुक्याच्या कचेरीत होते. सिद्धूनं सांगितलं. साहेब आधी हसले, मग त्यांचे कान लाल झाले. जबाब लिहून घेताना त्यांनी मान वर केली. "म्हणजे तुम्हाला हे पहिल्याच घरी कळलं होतं. आणि दहा घरं तुम्ही माझ्यामागून गप्प फिरलात?"

साहेबांचा चढलेला आवाज ऐकून तंगेव्वा घाबरली. तिनं कानडीत विचारलं, काय झालं, साहेब सिद्धूवर का रागावलाय? सिद्धू खिडकीबाहेर बघायला लागला. तेव्हा आम्रपालीनं म्हातारीला कानडीत सांगितलं की साहेब रागावलेला नाही, तो म्हणतोय सिद्धू वेळेवर आला म्हणून गावाचं काम झालं.

तंगेव्वानं सिद्धूच्या तोंडावरून हात फिरवला आणि कडाकडा बोटं मोडली.

परतीच्या एसटीत सिद्धू खिडकीशी बसला. खरं म्हणजे त्यानं सुटकेचा श्वास सोडायला हवा होता. पण आत पूर्वीपेक्षा जास्त भडकलं होतं. तिनं सांगून टाकलं असतं तर ठीक होतं. मग तिला चहाडखोर म्हणता आलं असतं, जन्मभर तिचा राग करता आला असता. तिनं तेही ठेवलं नाही. आणि गाळलं ते किती बेमालूम! पापणी न हलवता, एका वाक्यात, म्हातारीच्या जिवाला गारवा देणारं. तीस वर्षांत त्यानं स्वतः इतकं साफ काम केलं नव्हतं. तिचं मन आपल्याहून मोठं आहे हे एक वेळ गिळता आलं असतं, पण हा तर त्याचाच हुन्नर होता, आणि त्यातही ती पुढं गेली होती.

आठ दिवसांत टँकर आला. गाव वेशीत जमलं. तंगेव्वानं तोवर गावभर केलं होतं की सिद्धूच्या जबाबानं पाणी आलं. आम्रपालीची चूक नव्हती, साहेबच येडं होतं, एवढं लोकांना कळलं होतं आणि तिच्याशी बोलणंही सुरू झालं होतं. पण मान मिळाला सिद्धूला. टँकरपुढं फोडायचा नारळ लालासाहेबानं त्याच्या हातात दिला.

आम्रपाली घागर घेऊन बायकांच्या रांगेत उभी होती. ती त्याच्याकडं बघतही नव्हती. पुढची बाई सरकली की ती सरकत होती. हिला हे मोठेपण मिरवायचंही नाही, असं सिद्धूला वाटलं आणि त्याचा धीर सुटला. हिच्या दयेवर मिळालेला मान घेऊन ह्या गावात रोज उठायचं, रोज हिच्यासमोरून जायचं, आणि आपल्या दोघांखेरीज गावात कुणाला ते माहीत नाही. त्यापेक्षा गावानं थुंकलेलं बरं. लोक म्हणतील त्याला पश्चात्ताप झाला. मला तसं वाटत नाही. एवढी एक गोष्ट तरी तिच्याकडं राहू नये, म्हणून तो बोलला.

नारळ तसाच हातात धरून त्यानं कानडीत सगळं सांगितलं. पहिल्या घरी काय ऐकलं, काय कळलं, आणि दहा घरं तो कसा गप्प फिरला. टँकरच्या नळाचं पाणी तेवढं वाजत होतं. नीलव्वाच्या कमरेवरची घागर भरली होती, पण ती जागची हलली नाही.

तंगेव्वानं विचारलं, "का रं?"

सिद्धू म्हणाला, "होट्टीकिच्च."

लालासाहेब एकदा ह्याच्या तोंडाकडं, एकदा त्याच्या तोंडाकडं बघत होता. त्याला काहीच कळलं नव्हतं. शेवटी त्यानं आम्रपालीला विचारलं, "काय म्हणतोय गं हा?"

आम्रपालीनं सिद्धूकडं बघितलं. ती पुन्हा काहीतरी गाळणार, हे त्यानं ओळखलं.

"सांग," तो मराठीत म्हणाला. "हाय तसं सांग."

तिनं घागर खाली ठेवली. "मामा म्हनत्यात, माझ्यापायी तेंच्या पोटात आग पडली हुती. म्हनून ऐकूनबी गप बसले."

सिद्धू कान देऊन ऐकत होता. तिच्या मराठीत चूक काढायला जागा नव्हती.